पाटाएवढी जागा

१

दर रविवारी सकाळी, चहा झाला की मी बाथरूममधली पट्टी उचलतो. आमच्याकडे पाणी जायला साधी गोल जाळी नाही. भिंतीच्या बुडाशी तीन फूट लांब, चार बोटं रुंद स्टीलची नाली बसवली आहे आणि तिच्यावर फरशीचीच पट्टी आहे, त्याच रंगाची, त्याच नक्षीची. दोन्ही कडांना बोटभरही नाही एवढी फट, आणि पाणी तिथून खाली जातं. पाहुणे आत जाऊन आले की विचारतात, पाणी जातं कुठं? हा प्रश्न ऐकायला मिळावा म्हणून मी ती पट्टी नागपूरहून आणली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पट्टीसोबत एक तारेचा हुक मिळतो. तो फटीत घालून ओढायचा. खाली केस, साबणाचा चिकटा, कधी शाम्पूच्या पुडीचा तुकडा. एका टोकाला वाटीसारखा भाग असतो, त्यात नेहमी पाणी साचून राहिलं पाहिजे, नाहीतर गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. वाटी काढून घासायची, सोडा टाकायचा, गरम पाणी ओतायचं. वीस मिनिटांचं काम. माझी बायको प्रेरणा त्याला हात लावत नाही. तुमचा देव आहे, तुम्हीच पूजा करा, म्हणते.

मार्चमधल्या एका रविवारी मी असंच सगळं आटोपून तपासायला म्हणून एक बादली फरशीवर उपडी केली. पाणी पसरलं, ढाळानं भिंतीकडे गेलं, फटीत उतरलं. सगळी फरशी ओली झाली आणि डाव्या कोपऱ्यात, नळाच्या खाली, एक जागा कोरडी राहिली. दीड फूट लांब, फूटभर रुंद. कडा सरळ होत्या.

माझं राळेगावला कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खत, फवारणीची औषधं विकतो. दिवसभर शेतकऱ्यांना पानावरचे डाग बघून कारण सांगायचं, हेच माझं काम. त्यामुळे मी तिथंच उभं राहून कारण शोधलं. पाणी कमी पडलं असेल. मी दुसरी बादली ओतली. ती जागा कोरडीच राहिली.

२

पट्टी बसवायला अय्याज मिस्त्रीचा पहिल्यापासून विरोध होता. तो आमच्या मागच्या गल्लीत राहतो. हात सोन्यासारखा आणि तोंडात दिवसाला दहा वाक्यं. त्यातली चार त्यानं त्या दिवशी माझ्यावर खर्च केली.

"गोपालभाऊ, दिसायले मस्त हाये. पन आपल्या इथं काळी माती, नुसते पाय धुतले तरी वाटीभर उतरते. मधात नहाणी ट्रॅप टाकू, वरून मोठी जाळी, हात घातला का साफ. घरात म्हातारं मानूस हाये."

म्हातारं माणूस म्हणजे माझी माय, मैनाबाई. नवं घर बांधताना बाथरूमसाठी आम्ही तिची जुनी मातीची न्हाणी पाडली होती. मी अय्याजला सांगितलं की फोटोत आहे तसं पाहिजे. त्यानं टेप काढून माप घेतलं.

पण काम संपलं तेव्हा कळलं की त्यानं मला न विचारता एक गोष्ट केली आहे. सगळ्या फरशीला त्यानं भिंतीकडे ढाळ दिला होता, फक्त डाव्या कोपऱ्यात नळाखाली दीड फूट बाय एक फूट जागा सपाट ठेवली होती. मायच्या पाटासाठी. ढाळावर पाट डुगडुगतो, म्हातारं माणूस पडलं म्हणजे, असं त्याचं म्हणणं. माय आपला सागाचा पाट घेऊन आत आली, कोऱ्या फरशीवर लुगड्यासकट बसून पाहिलं, दोन्ही बाजूंना थोडी हलली आणि अय्याजला म्हणाली, "बसलं बापा बरोबर." तिचा चेहरा एवढा खुललेला मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर त्या सपाट जागेवर पाणी साचून राहत होतं. जेमतेम बोटाचं नख बुडेल एवढं. पण माझ्या डोळ्याला ते खुपायला लागलं. एवढी नागपूरची पट्टी आणि कोपऱ्यात डबकं. मी अय्याजला बोलावून ती जागा फोडायला लावली आणि ढाळ देऊन नवीन फरशी बसवून घेतली. तो छिन्नीनं ठोकत होता तेव्हा माय दारात उभी होती. ठोकणं संपायच्या आधीच ती पाट उचलून आपल्या खोलीत गेली. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

कोरडी राहणारी जागा तीच होती.

३

मी प्रेरणाला विचारलं. ती म्हणाली, हो, तिथं कोरडं राहतं, मला वाटलं गीझरचा पाइप खालून गेला असेल. चांगलं कारण होतं. पण पाइप भिंतीतून गेला आहे, खालून नाही, आणि ते तिच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.

मग वाटलं, तेल असेल. कुणीतरी तेल सांडलं असेल, म्हणून पाणी धरत नाही. मी सोड्यानं घासलं, भांड्याच्या पावडरनं घासलं. शॉवर थेट त्या जागेवर सोडला. पाणी पडत होतं आणि पडल्यापडल्या दोन्ही बाजूंना होत होतं, मध्ये काही ठेवलेलं असावं तसं. शॉवर बंद केला आणि तळहात टेकवला. फरशी कोमट होती. आत्ताच कुणी उठून गेल्यावर बसण्याची जागा असते तेवढी.

मी हात काढून घेतला आणि टॉवेलला पुसला. हात कोरडा होता तरी पुसला.

त्यानंतर मी उजव्या बाजूला सरकून आंघोळ करायला लागलो. नीट पाणी अंगावर येत नव्हतं तरी तसाच. प्रेरणाही तिथं पाय देत नाही हे माझ्या लक्षात आलं. आम्ही दोघं त्याबद्दल बोललो नाही. आमच्या घरात मायच्या बाबतीतल्या बऱ्याच गोष्टी अशाच न बोलता चालल्या होत्या.

४

आता ते सांगायलाच हवं.

मायनं जन्मात केसांना साबण लावला नाही. आमच्या वावराशेजारच्या नाल्याच्या काठची काळी माती ती आणायची, फडक्यातून चाळायची, रात्रभर जर्मनच्या भांड्यात भिजवायची आणि दर शनिवारी त्या मातीनं डोकं धुवायची. सत्तरी ओलांडली तरी तिचे केस कमरेपर्यंत होते. तिच्या जुन्या न्हाणीतून ती माती सरळ बाहेर केळीच्या आळ्यात जायची.

बाथरूम झाल्यावर ती आत आंघोळ करायला लागली. भिंतीला एक हात धरून, डुगडुगत्या पाटावर. तीन शनिवार निभावले. चौथ्या शनिवारी घरी प्रेरणाचे भाऊ-भावजय, त्यांचे व्याही, असे सात-आठ जण नवं घर बघायला आले होते. मी हॉलमध्ये उभा राहून पाणी कुठं जातं हे समजावून सांगत होतो, आणि बाथरूमच्या दाराखालून पाणी आलं. काळं. पट्टी तुंबली होती. पांढऱ्या फरशीवरून ते सोफ्यापर्यंत आलं आणि व्याह्यांनी पाय वर घेतले.

माय बाहेर आली ती ओल्या केसांनी, लुगडं कसंतरी गुंडाळून, एवढ्या लोकांत. मी तिला म्हणालो, "बैल धुत होतो त्या दगडावर धू जा तुह्यं डोकं. घरात घान करू नको."

माय म्हणाली, "बरं." तिनं आपल्या पदरानं दारातलं पाणी टिपायला घेतलं, तेव्हा प्रेरणानं तिला उठवलं.

मला वाटलं होतं ती फक्त शनिवारचं समजेल. ती सोमवारपासून रोज मागे गेली. परसात पूर्वी बैल बांधायचो, तिथं एक मोठा दगड आहे, दोन बाजूंना पत्रे. तिसऱ्या बाजूला तिनं जुनं लुगडं बांधलं. चूल मांडली, कापसाची वाळलेली पऱ्हाटी जाळून पाणी तापवायला लागली. मी तिला एकदाही आत ये म्हटलं नाही. आज म्हणू, उद्या म्हणू करत दोन पावसाळे गेले. दुसरी थंडी आली तेव्हा प्रेरणा म्हणाली, आईंना आत घ्या आता. मी म्हणालो, तिलाच मोकळं आवडतं. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं.

जानेवारीत तिला ताप आला, छातीत कफ भरला. यवतमाळला पाच दिवस दवाखान्यात होती. सहाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं, ते पांढऱ्या कापडात.

५

एप्रिलच्या सुरुवातीला मी अय्याजला बोलावलं. ढाळ बिघडला आहे, एवढंच सांगितलं.

त्यानं बादली ओतली आणि उकिडवा बसून बघत राहिला. मग खिशातून काचेची गोटी काढली. मिस्त्री लोक ढाळ असाच बघतात, गोटी सोडायची आणि ती कुठं जाते ते पाहायचं. त्यानं ती दाराजवळून सोडली. ती घरंगळत पट्टीला लागली. दुसऱ्यांदा त्यानं ती डाव्या भिंतीला धरून सोडली. ती कोरड्या जागेपर्यंत गेली, टक असा आवाज झाला आणि थांबली. लाकडावर आपटल्याचा आवाज होता. अय्याजनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं गोटी उचलून पुन्हा सोडली. पुन्हा टक.

"मायनं हे बाथरूम वापरलं का शेवटी?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, रोज वापरत होती.

अय्याजचं घर मागच्या गल्लीत आहे, हे मी वर सांगितलंच. त्याच्या गच्चीवरून आमचं परस दिसतं, दगड दिसतो, पत्रे दिसतात. हे मला बोलून गेल्यावर आठवलं. त्यानं गोटी खिशात टाकली, पायजम्याला हात पुसले.

"भाऊ, हे जागा फोडायले मले सांगू नका," तो म्हणाला. "एकदा फोडली."

तो गेल्यावर माझे कान तापले होते. त्याच दिवशी, रविवार नसताना, मी पट्टी उचलली. केस नव्हते. साबण नव्हता. नाली आणि वाटी काळ्या मातीनं भरली होती. मी विचार केला, टाकीत माती आली असेल, माझ्या पायांची असेल. पण वावर दोन वर्षांपासून ठेक्यानं दिलं आहे आणि मी तिकडे फिरकत नाही. मी चिमूट घेऊन बोटांत चोळली. एक खडा लागला नाही. चाळलेली होती.

६

अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाची घागर भरतात. मायची ही पहिलीच. त्यासाठी माझी थोरली बहीण रत्नमाला आदल्या दुपारी एसटीनं आली. तिला झरी जामणीकडे दिली आहे. दूर असल्यामुळे ती वर्षातून एकदा यायची, आणि माय जायच्या आधीची दोन वर्षं तेही जमलं नव्हतं.

तिला मी काय सांगितलं होतं ते सांगतो. तेरवीला सगळे बसले असताना ती मायच्या आठवणीनं रडत होती. तेव्हा मी सर्वांसमोर म्हणालो की शेवटची दोन वर्षं मायनं नव्या बाथरूममध्ये गीझरच्या पाण्यानं आंघोळ केली, राणीसारखी. प्रेरणा मान खाली घालून बसली. ताईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माह्या मायनं जनमभर मातीच्या न्हाणीत काढलं. शेवटी तरी तिले सुख भेटलं." तेवढ्या एका गोष्टीवर ती शांत झाली होती. तिनं सासरी जाऊन सगळ्यांना सांगितलं असणार. आता खरं सांगायचं म्हणजे तिच्याकडून मायचं ते सुखही काढून घ्यायचं, असं मी स्वतःला समजावत होतो. मी माझंच तोंड वाचवत होतो, हे मला कळत नव्हतं असं नाही.

सकाळी ताई म्हणाली, माय जिथं आंघोळ करायची तिथंच मी करते, मग घागर भरू. मी परसाकडे पाहिलं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी बाथरूमचा दिवा लावून दिला.

आतून मगानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी हॉलमध्ये बसून मोजल्यासारखा तो ऐकत होतो. मग बंद झाला. ताई बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते आणि चेहरा निवांत होता.

"मायचा पाट तसाच ठेवला तू," ती म्हणाली. "ओला होता. मी नाही बसली त्याच्यावर, बाजूलेच आंघोळ केली. बरं केलं गोपाल."

मायचा पाट परसात दगडापाशी उभा करून ठेवलेला होता. जानेवारीपासून तिथंच. सकाळी दात घासताना मी तो पाहिला होता, त्याला कोळ्यांची जाळी लागली होती. मी खिडकीतून पुन्हा पाहिलं. होता.

मी बाथरूममध्ये गेलो.

७

नळ बंद होता, शॉवर बंद होता. फरशीवर पाणी तुंबून घोट्याला लागत होतं, काळं. डाव्या कोपऱ्यातून एक काळा ओघळ पट्टीकडे जात होता. मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसलो, हुक घालून पट्टी काढली आणि हातानं माती उपसायला लागलो. ओंजळीमागून ओंजळ. बाहेर मे महिन्यासारखं ऊन तापलं होतं, आणि आमच्या टाकीचं पाणी या दिवसांत सकाळी नऊलाच पोळतं. माझ्या मनगटावरून जे पाणी येत होतं ते गार होतं. बोटं आखडतील एवढं गार.

त्या गारव्यानं मला ती सकाळ आठवली. आठवली म्हणजे काय, मी ती कुणालाही, प्रेरणालासुद्धा, सांगितलेली नव्हती. जानेवारीत अवकाळी पाऊस झाला होता, पऱ्हाटी भिजली होती. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो. रोज पत्र्यांमागून धूर निघायचा. त्या दिवशी धूर नव्हता. मगाचा आवाज येत होता, आणि मध्येमध्ये तिचा श्वास आत ओढल्याचा. गीझर चालू होता. मी एक बादली भरून नेली असती तर वीस पावलं होती. मी चहा संपवला आणि दुकानात गेलो. संध्याकाळी तिला ताप आला.

मागे पाणी ओतल्याचा आवाज झाला. माझ्या डाव्या हाताशी, कोरड्या जागेच्या काठावर, एक टाच होती. भेगांत काळी माती भरलेली. पुढे करंगळी होती, नख नसलेली. निंदताना विळा लागून ते गेलं होतं, मी लहान असताना, मला कडेवर घेऊन ती तशीच घरी चालत आली होती.

मी मान वर केली नाही. भीती होतीच, पण त्यासाठी नाही. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटली.

"माय वो," मी म्हणालो, "पानी तापवून देऊ का?"

पाणी ओतायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"कोनाशी बोलून राह्यला?" दारातून ताईनं विचारलं. मी वळलो तेव्हा कोपऱ्यात काही नव्हतं, फक्त कोरडी जागा. मी तसाच काळ्या हातांनी बसून तिला सगळं सांगितलं. फोडलेली फरशी, व्याही, बैलाचा दगड, पऱ्हाटी. तिनं मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"धूर नव्हता, हे तुले दिसलं होतं?"

मी हो म्हणालो.

तिनं परसात जाऊन पाट आणला, पदरानं पुसला आणि पिशवीत घातला. घागर तिनंच भरली, मला हात लावू दिला नाही. न जेवता दुपारच्या गाडीनं गेली. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही आणि मी केला तर ती उचलत नाही.

८

आता मी रविवारची वाट बघत नाही. रोज पट्टी उचलतो, माती काढतो, केळीच्या आळ्यात नेऊन टाकतो. मी आणि प्रेरणा मागच्या दगडावर आंघोळ करतो. गल्लीतले लोक बघतात. अय्याज एकदा गच्चीवर दिसला, त्यानं मान फिरवली.

पहाटे गीझर लावतो आणि कढत पाण्याची एक बादली त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. तिच्यावर आंघोळीचा मग ठेवतो. दार लावून घेतो. थोड्या वेळानं आतून पाणी ओतल्याचा आवाज येतो आणि मध्येच श्वास आत ओढल्याचा.

दुपारी दार उघडतो तेव्हा पट्टीखाली ओली माती असते. बादली मी ठेवली तशीच, काठोकाठ भरलेली असते.